धाकटा बोलका निघाला

धाकटा तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला. ताप उतरला, पण जाताना त्याचं ऐकणं घेऊन गेला. घरच्यांना हे कळायला बरेच दिवस लागले, कारण हाक मारल्यावर येणाऱ्यांतला तो आधीही नव्हता. लक्षात आलं ते ताईच्या. ती त्याच्याहून बरीच मोठी, शाळेत जाणारी. तिने त्याच्या पाठीमागे मुद्दाम पातेलं आपटलं. आई दचकली, शेजारीण दचकली, धाकटा आपला खिडकीतल्या माशीकडे बघत बसला.

तेव्हापासून ताई त्याचे कान झाली आणि तोंडही. दोघांनी घरच्या घरी खुणा तयार केल्या. डोक्यावरून गोल हात फिरवला की टक्कल, म्हणजे बाबा. कपाळाचा घाम पुसला की आई. मनगट धरलं की डॉक्टर. खांद्यावरून मागे बोट दाखवलं की होऊन गेलेलं, मग ते काल झालेलं असो की चार वर्षांपूर्वी. त्याला शाळेत घातलं, पण तिथे मुलांनी हात हलवले की बोटांवर पट्टी बसायची. मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, असा शाळेचा हट्ट. गुरुजींना भरघोस मिशा होत्या, त्यामुळे ओठ वाचायचे म्हणजे अंदाजपंचेच. सही करण्यापुरतं आणि पाट्या वाचण्यापुरतं शिकून धाकटा घरी परतला आणि बाबांनी त्याला ओळखीच्या बाइंडिंग कारखान्यात चिकटवून दिलं.

तिथे मात्र तो रमला. छापून घड्या घातलेले कागद, म्हणजे फर्मे, एकावर एक रचायचे, सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. त्याची शिलाई इतकी सरळ यायची की मालक गिऱ्हाइकांना त्याचीच पुस्तकं नमुना म्हणून दाखवायचे. "मशीन सुरू झाली की इथे सगळेच बहिरे," मालक म्हणायचे, "याला निदान सवय आहे."

वर्षं गेली. आई-बाबा गेले. ताईचं लग्न झालं, पुढे नवराही वारला, मुलगी नोकरीसाठी लांब गेली. ताई इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर होती, तिथून निवृत्त झाली. आता दोन खोल्यांच्या घरात बहीणभाऊ दोघंच. बँकेत, दवाखान्यात, शेजारपाजारी, सगळीकडे ताई त्याच्या वतीने बोलायची. तो काही हातवारे करायचा, लोक ताईकडे बघायचे. "काय म्हणतोय?" "काही नाही, बरं आहे म्हणतोय." सगळ्यांचं मत एकच होतं: धाकटा म्हणजे गरीब गाय. अध्यात ना मध्यात, पानात पडेल ते खाणारा. साठी जवळ आली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत, आणि तो गरीब गाय आहे असं ताईलाही वाटायचं.

मग कारखान्यात एक वेगळंच काम आलं. सरकारने सांकेतिक भाषेला नुकतीच देशाची एक भाषा म्हणून मान्यता दिली होती आणि कर्णबधिरांच्या मंडळाने तिचा पहिला मोठा शब्दकोश छापून घेतला होता. एका शब्दाला एक फोटो: माणूस, त्याचे हात, त्याचा चेहरा, आणि हात कुठून कुठे जातो ते दाखवणारे बाण.

धाकट्याने पहिला फर्मा उचलला आणि त्याची सुई थांबली. तो चहाच्या सुट्टीलाही गेला नाही. मालक येऊन बघतात तर हा उभ्या उभ्या पानं उलटतोय आणि फोटोतल्यासारखे हात करून बघतोय. मालकांनी खांद्यावर थाप मारली. धाकट्याने फोटोकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि भुवया उंचावल्या. मालक बायकोला संध्याकाळी म्हणाले, "इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं, आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना."

उत्तर दुसऱ्याच दिवशी चालत आलं. शब्दकोशाचा नमुना तपासायला मंडळाच्या शिक्षिका आल्या. वयाने तरुण, केस आखूड, आणि त्या स्वतः जन्मापासून बहिऱ्या. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पाठ दाबून बघितली, समाधानाने मान हलवली. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे धाकटा 'पाणी' या शब्दाचा हात करत होता, पण उलट्या दिशेने. शिक्षिका त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याचा हात धरला आणि सरळ केला. मग स्वतः तीच खूण केली. मग त्याने केली. 'पाणी' झालं, 'कागद' झाला, 'सुई' झाली. जाताना त्यांनी त्याच्या हातात मंडळाचा पत्ता छापलेलं कार्ड ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रविवारावर बोट टेकवलं.

मंडळ होतं वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. दारावरचं बटण दाबलं की आत बेल न वाजता दिवा लुकलुकायचा. धाकटा रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे पोचला आणि उंबऱ्यातच खिळून उभा राहिला. खोलीभर माणसं, सगळ्यांचे हात चाललेले. कोणी भांडत होतं, कोणी हसत होतं, एक आजोबा खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला कोणाची तरी चेष्टा करत होते. आवाज म्हणाल तर खुर्च्या सरकल्याचा आणि हसण्याचा.

खिडकीपाशी त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला. पन्नाशी ओलांडलेली, गुटगुटीत, चष्मा नाकावर घसरलेला. या बाईंना तो कधी भेटला नव्हता, पण शब्दकोशातल्या खाण्यापिण्याच्या पानांवर सगळे फोटो त्यांचेच होते आणि ती पानं त्याने शेकड्यांनी शिवली होती. तो सरळ त्यांच्यासमोर गेला आणि त्याला जे येत होतं ते बोलला: "साखर. मीठ. दूध. लोणी."

बाई आधी गोंधळल्या, मग हसून हसून त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या एका बेकरीत केकवर नक्षी काढायचं काम करत आणि मंडळात सगळे त्यांना केकवालीच म्हणत. चार जिन्नस सांगून गप्प झालेला हा गृहस्थ आता केकची ऑर्डर देणार, असंच त्यांना वाटलं होतं.

धाकटा दर रविवारी जाऊ लागला, मग बुधवारी संध्याकाळीही. शिलाई खराब झाल्याने बाजूला काढलेला एक शब्दकोश मालकांनी त्याला देऊन टाकला. जेवताना तो ताटाशेजारी उघडा असायचा.

ताईला सुरुवातीला बरं वाटलं. म्हातारपणी भावाला चार माणसं मिळाली. पण मग त्याचे हात बदलायला लागले. ते वेगाने हलू लागले, चेहरा सारखा काहीतरी बोलू लागला, आणि तिला त्यातलं निम्मंही कळेना. तो तिच्यासाठी थांबायचा, जुनी घरची खूण करायचा, समजलं का म्हणून बघायचा. परदेशातून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. ताईच्या ते मनाला लागलं. "आपल्या खुणांत काय वाईट होतं?" ती फोनवर मुलीला म्हणाली. "त्यावर एवढं आयुष्य निघालंच ना?"

मुलगी म्हणाली, "आई, तू एकदा जाऊन तरी बघ."

वर्षातून एकदा मंडळाचं संमेलन असायचं आणि त्या दिवशी घरच्यांना बोलवत. ताई गेली. तिच्यासारख्या ऐकणाऱ्या पाहुण्यांसाठी एक दुभाषी बाई पुढे बसल्या होत्या. समोरचे हातांनी काय बोलतात ते त्या मोठ्याने सांगायच्या. कार्यक्रमाआधी चहा होता. धाकटा आला, ताईकडे बघून काहीतरी बोलला, आणि शेजारून दुभाषी बाई म्हणाल्या, "ताई, तुला एक सांगायचंय. मला भोपळा आवडत नाही."

ताईने त्यांच्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला कोणी दिला भोपळा?"

"मी नाही, ते म्हणताहेत," दुभाषी बाई हसल्या. "आम्ही बोलणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे बोलतो. 'मी' म्हणजे तुमचे भाऊ."

"याला भोपळा आवडत नाही? अहो, जीव आहे याचा भोपळ्यावर. दर आठवड्याला करते मी. पोटावरून असा गोल हात फिरवतो प्रत्येक वेळी, छान झालाय म्हणून."

धाकट्याने पोटावर गोल हात फिरवला, मग मान जोरात हलवली आणि दोन्ही हातांनी बोलला. दुभाषी बाईंनी ते तितक्याच शांतपणे सांगितलं: "ही खूण म्हणजे छान नाही. ही खूण म्हणजे पोट भरलं, आता पुरे, वाढू नकोस. मी लहानपणापासून हेच सांगतोय."

आजूबाजूचे हसायला लागले. ताईही हसली, कारण दुसरं काय करणार, पण तिचे कान गरम झाले. आपण आयुष्यभर लोकांना 'बरं आहे म्हणतोय' म्हणून जे सांगितलं, त्यात असे भोपळे किती असतील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला.

मग कार्यक्रमात धाकटा व्यासपीठावर चढला. त्याने कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. मालकांच्या मेव्हण्याने एकदा घाईघाईत फर्मे लावताना स्वयंपाकाच्या पुस्तकात घोड्यांच्या औषधांची पानं घुसवली, आणि पुस्तक बाजारात गेल्यावर एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली की कांदा परतून झाल्यावर खूर कुठून आणायचे. धाकटा क्षणात मेव्हणा व्हायचा, क्षणात मालक, क्षणात घोडा. दुभाषी बाईंना बोलता बोलता हसू आवरेना. गोष्ट संपली तेव्हा शंभरेक हात वर गेले आणि हवेत थरथरले. टाळ्यांची त्यांची रीत तशी होती. ताईने वळून मागे बघितलं. लोक डोळे पुसत होते.

"हा इतका बोलका आहे?" ती स्वतःशीच म्हणाली. शेजारी केकवाली बसली होती, तिला ते ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. पण तिने ताईचा चेहरा बघितला आणि तिच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

पुढच्या बुधवारी ताई वर्गात जाऊन बसली. वर्गात सगळ्यांत वयस्क तीच, आणि सगळ्यांत ढ सुद्धा. हात जमायचे, चेहरा जमेना. या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारायचा, नकार डोक्याने द्यायचा, थोडं की फार हे गालांनी सांगायचं. इस्पितळाच्या खिडकीत बसून ताईने चेहरा दगडासारखा ठेवायची सवय लावून घेतली होती. रोज इतकी रडारड समोर असली की लावावीच लागते. शिक्षिका फळ्यावर लिहायच्या, 'ताई, चेहरा.' पुढच्या तासाला पुन्हा, 'ताई, चेहरा.' घरी ती आरशासमोर उभी राहून भुवया वर-खाली करायची. एकदा समोरच्या बाल्कनीतल्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि भीतभीत नमस्कार केला.

चुकायचीही भरपूर. 'माझा भाऊ हुशार आहे' म्हणताना बोट कपाळाऐवजी गालाला लागलं आणि 'माझा भाऊ शिळा आहे' असं झालं. वर्ग हसला, मागे बसलेल्या धाकट्याने स्वतःचा शर्ट हुंगून बघितला आणि वर्ग आणखी हसला. ताईला मात्र हसण्याचं वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं लोक तिच्या भावाकडे बघून हसायचे तेव्हा तिचं डोकं फिरायचं. इथे तोच लोकांना हसवत होता.

हळूहळू घरात गप्पा सुरू झाल्या. काय काय निघालं त्यातून. आई गेली तेव्हा त्याला गावाला का पाठवलं होतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं, ताईने सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याशी ताईचं भांडण कशावरून झालं, ते त्याने विचारून घेतलं आणि चूक ताईचीच होती असा निकालही दिला. कारखान्याची नवी खळ त्याला पसंत नव्हती, निवडणुकीला उभे राहिलेले दोघेही पसंत नव्हते, ताईचा हिरवा स्वेटर तर मुळीच नाही. "गरीब गाय म्हणे," ताई मुलीला फोनवर सांगायची. "प्रत्येक गोष्टीवर मत आहे बाई याला." पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मुलीला कळत होतं.

एका दुपारी ताई मटार सोलत होती. धाकटा समोर येऊन बसला आणि त्याने टेबलावर दोनदा थाप मारली, इकडे बघ म्हणून. ताईने हात पुसले.

"केकवाली आणि मी," तो म्हणाला, "आम्ही लग्न करायचं ठरवतोय. तिचं घर आहे. बेकरीजवळ."

ताईला सगळं कळलं होतं, तरी तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. नवऱ्यामागे केकवालीने एकटीने दिवस काढले होते, हे तिला ठाऊक होतं. दोघांचं जमतं, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

धाकट्याने पुढे एक वाक्य सुरू केलं. भुवया वर, मान जराशी कललेली, हात थांबत थांबत. "मी गेलो तर तू एकटी पडशील. तुला वाईट वाटणार असेल तर मी जाणार नाही."

ताई त्या हातांकडे बघत राहिली. घरच्या खुणांत डॉक्टर होता, बाबा होते, भूक होती, पाऊस होता. त्यांत 'तर' नव्हता. 'हे झालं तर ते होईल' असं तिचा भाऊ तिला आजवर कधी म्हणूच शकला नव्हता. मनातल्या मनात मात्र त्याने असे किती 'तर' मांडले असतील, आणि त्यातल्या किती ठिकाणी तिचा विचार आधी केला असेल.

"वाईट वाटेल," ती म्हणाली. खोटं बोलायचं तर या भाषेत चेहऱ्यालाही खोटं बोलावं लागलं असतं, आणि तितकी तयारी तिची अजून झाली नव्हती. "सवय जायला वेळ लागेल. पण तू जा. मलाही जरा मोकळं राहून बघू दे. पहाटे खोकून उठवणारं कोणी नको."

"मी खोकतो?" धाकट्याने विचारलं.

"सगळी इमारत जागी होते."

हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याने बराच वेळ तोंडावर हात धरला, मग खांदे हलायला लागले आणि दोघंही हसत सुटली. अर्धे मटार जमिनीवर गेले.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. ताईने हिरवा स्वेटर घरी ठेवला होता. अधिकाऱ्यांनी कागद पुढे घेतले, समोरच्या जोडप्याकडे एक नजर टाकली आणि सवयीने ताईकडे वळले. "यांना विचारा, राजीखुशीने करताहेत ना?"

ताईचे हात सवयीने उठलेही. मग तिने ते मांडीवर ठेवले. "मी फक्त बहीण आहे," ती म्हणाली. "या दुभाषी बाई आहेत, त्या सांगतील. पण तुम्ही बोला त्यांच्याशीच, त्यांच्याकडे बघून."

अधिकारी भले होते. त्यांनी चष्मा सारखा केला, खुर्ची वळवली आणि धाकट्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न पुन्हा विचारला. दुभाषी बाईंचे हात हलले. धाकट्याने उत्तर दिलं ते नुसतं 'हो' नव्हतं. ते चांगलं लांबलचक होतं आणि त्यात मेव्हणाही कुठेतरी आला. केकवालीने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि स्वतः एका झटक्यात 'हो' म्हणून टाकलं. साक्षीदारांच्या जागी मालकांनी सही केली, खाली ताईने केली. सही करून झाल्यावर ती मागच्या बाकावर जाऊन बसली, पाय लांब केले आणि बाकीचा वेळ कोणालाही काहीही समजावून न सांगता नुसती बघत राहिली. लग्न असं बघायला तिला फार आवडलं.

जेवण मंडळाच्या खोलीत होतं. केक केकवालीने स्वतःच केला होता आणि तिला त्याच्या डाव्या बाजूची नक्षी पटली नव्हती. येईल त्याला ती तीच बाजू दाखवत होती. मालक हातवारे करून बोलायचा प्रयत्न करत होते आणि सगळे त्यांना मोठ्या मनाने सांभाळून घेत होते.

उन्हं कलल्यावर ताई निघाली. नवराबायको तिला थांब्यापर्यंत सोडायला आले. बस आली, ताई चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. काच घट्ट बसलेली, उघडेना. शेजारची बाई म्हणाली, "राहू द्या, ऐकू नाही जायचं त्यांना."

"काही बिघडत नाही," ताई म्हणाली आणि काचेतून विचारलं, "रविवारी जेवायला येताय ना?"

खाली फुटपाथवर धाकट्याने केकवालीकडे बघितलं, मग वर ताईकडे. "येतो. काय करणार आहेस?"

"काय करू?"

त्यावर खाली दोघांची जुंपली. त्याला एक हवं होतं, तिला दुसरं. बस हलली तरी त्यांचं ठरेना. दोघं फुटपाथवरून बसबरोबर चालत राहिली, एकमेकांशी वाद घालत आणि मधेच वर ताईला सांगत. ताई काचेआडून मधे पडत होती, भुवया उंचावून, मान हलवून, दोन्ही हातांनी. शेजारची बाई तोंड उघडं ठेवून बघत होती. बस वळणावर पोचली तेव्हा धाकट्याने हात उंच करून शेवटचं सांगितलं, "भोपळा सोडून काहीही," आणि ताईने, कळलं, म्हणून मान डोलावली.